व्याही, सॅमन आणि आमचं मेंटेनन्स

आमच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटमध्ये एक लोखंडी कपाट आहे. मशीनमधून निघालेली बेअरिंगं, आटे गेलेले नट, कुठली ते कुणालाच आठवत नाही अशा स्प्रिंगा, सगळं त्यात. फेकायला कुणी तयार नसतं. ‘राहू दे, कधी लागंल सांगता येत नाय,’ असं म्हणत जो तो त्यात टाकत जातो. किस्स्यांचंही आमच्याकडं तसंच झालंय. दार उघडलं की अंगावर येतात. आज उघडलंच आहे तर मासेमारीच्या कप्प्यातले तेवढे काढतो.

मी सर्जेराव, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. डिपार्टमेंट मला भाऊ म्हणतं. मूळचा वैजापूरकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मासा आमच्या ताटातसुद्धा क्वचित यायचा, पाण्यातला धरायची तर गोष्टच सोडा. असा मी गेल्या जुलैत नॉर्वेतल्या एका नदीत मांडीभर पाण्यात उभा राहिलो, सॅमन धरायला. याला जबाबदार आमचा इलेक्ट्रिशियन रफिक.

* * *

झालं असं. माझी पोरगी पल्लवी शिकायला नॉर्वेला गेली आणि तिथंच तिनं एरिकशी लग्न केलं. कोर्टातलं लग्न, आम्ही मोबाईलवर अक्षता टाकल्या. एरिकचे वडील, म्हणजे आमचे व्याही आर्ने, आम्ही फक्त स्क्रीनवर पाहिलेले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी आर्ने बसलेले. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मग मी हसलो, ते हसले. पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. त्यांच्या मागच्या भिंतीवर मासे धरायच्या दोन-तीन काठ्या टांगलेल्या होत्या. रफिकनं डबा खाता खाता त्या पाहिल्या आणि शांतता काही त्याला सोसवेना. माझ्या खांद्यावरून डोकं घालून तो म्हणाला, “सर, अवर भाऊ व्हेरी बिग फिशरमन! जायकवाडी फुल एम्प्टी!”

आर्ने खुर्चीतून उठले. भिंतीवरची काठी काढून कॅमेऱ्यासमोर धरली आणि बराच वेळ काहीबाही बोलत राहिले. पल्लवीचं तोंड मात्र उतरलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

मी म्हटलं, “सांगून टाक, तो मित्र चेष्टा करत होता.”

“आता कसं सांगू, बाबा? एरिकची आई गेल्यापासून ते नदीवर गेलेलेच नाहीत. काठ्यांना हातही लावला नव्हता. आज तुमच्यासाठी नदीचा परवाना काढायला निघालेत. सकाळपासून शीळ घालतायत घरात.”

मी म्हटलं, “येतो म्हणून सांग.”

मंगल, आमची मंडळी, पलीकडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, “अहो, जाताय तर नीट शिकून जा. त्या माणसाचं मन मोडायला नको.”

* * *

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटची मीटिंग बसली. रफिक मान खाली घालून. स्टोअरचे कुलकर्णी मोबाईलवर वाचून सांगत होते, कारण आमच्यात वाचायचा धीर फक्त त्यांच्याकडं.

“तिकडं गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा करतात. त्याला फ्लाय म्हणतात. आणि बरं का, सॅमन समुद्रातून नदीत आला की काही खातच नाही.”

“रोजा रखती है?” रफिकनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तसंच समज. समुद्रात खाऊन येतो, नदीत उपास.”

मी म्हटलं, “मग जो खातच नाही तो किड्याला तोंड कशाला लावेल?”

कुलकर्ण्यांनी चष्मा वर केला. “नक्की कुणालाच माहीत नाही म्हणे. पण बहुतेक चिडून. नाकासमोरून ते चमकतं काहीतरी सारखं जायला लागलं की त्याचं डोकं फिरतं आणि तो चावतो.”

रफिक म्हणाला, “म्हणजे आपल्या प्लांट हेडसारखी. दिवसभर खात काय नाय, पण समोरून कुणी फिरलं की चावते.”

त्या क्षणापासून सॅमनचा स्वभाव अख्ख्या डिपार्टमेंटला पाठ झाला.

* * *

फ्लाय बनवायचं काम रफिकनं अंगावर घेतलं. चूक त्याची होती, भरपाईही तोच करणार म्हणाला. हर्सूलला त्याच्या मेहुण्याच्या कोंबड्या आहेत. कोंबड्याची पिसं आली, शेरवानी शिवणाऱ्या ओळखीच्या टेलरकडून जरीचा धागा आला. मोटर वाइंडिंग करणारा हात तो, दोन संध्याकाळींत त्यानं असे सुरेख किडे बांधले की मंगल म्हणाली, एक मला पदराला लावायला द्या.

मग सिडकोतल्या आमच्या गच्चीवर सराव सुरू झाला. रॉड डिपार्टमेंटनं वर्गणी काढून ऑनलाइन मागवलेली. सरावासाठी गळाचं टोक पकडीनं मोडून टाकलेलं, हे आधीच सांगून ठेवतो. पहिलीच फेक मी झोकात टाकली. किडा पाण्याच्या टाकीजवळ पडला, दोरीला हिसका बसला आणि रॉड माझ्या हातात वाकली. टाकीमागून शेजारच्या जोशीबाईंचं मांजर किडा तोंडात धरून निघालं ते कठड्यावरून थेट त्यांच्या बाल्कनीत. दोरी सुटतेय, मी गच्चीभर धावतोय.

किडा कुठं आणि मांजर कुठं, मला कळेना. रफिकला विचारलं तेव्हा खालच्या आवाजात म्हणाला, “भाऊ, थोडी बोंबलाची पावडर चोळली होती.”

कुलकर्णी म्हणाले, “अरे, तो मासा खात नाही, एवढी डोकेफोड करून सांगितलं ना?”

“खाती नहीं, पर सूंघती तो होगी!”

रात्री डिपार्टमेंटच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: ‘भाऊंना पहिला मासा लागला. चार पाय आहेत.’

* * *

गच्चीवर बंदी आल्यावर आम्ही रविवारी सकाळी हर्सूलच्या तलावावर जायला लागलो. फ्लायला वजन नसतं, ती फेकायची म्हणजे दोरीच डोक्यावरून मागं-पुढं, मागं-पुढं झुलवायची आणि मग सोडायची. हे वाचायला एका ओळीचं आहे. करायला गेलं की दोरी आपल्याच कानाला, टोपीला आणि रफिकला लागते.

एका रविवारी जरा जमायला लागलं. दोरी हवेत सरळ जात होती, सूं सूं आवाज येत होता. मागं वळून पाहिलं तर एक म्हातारे धनगर काठीवर हनुवटी टेकून उभे. मेंढरं बाजूला चरतायत आणि हे माझ्याकडं एकटक बघतायत. मला वाटलं, आपल्याच माणसाकडून आता शाबासकी मिळणार.

ते म्हणाले, “पाव्हणं, आसूड लई ब्येस हाय. पर बैल कुठंय?”

* * *

रजेचा प्रश्न अवघड होता. जुलैमध्ये आमच्याकडं मोठ्या मशीनांचं ओव्हरहॉलिंग असतं आणि रजा द्यायची प्लांट हेडनी, म्हणजे ज्यांचा स्वभाव आम्ही सॅमनवरून नुकताच शिकलो होतो. रफिक म्हणाला, मेडिकल टाका. कुलकर्णी म्हणाले, भाचीचं लग्न टाका. मी विचार केला, एका थापेपायी एवढं रामायण झालंय, आता दुसरी नको. अर्जात सरळ लिहिलं: ‘व्याह्यांसोबत मासे धरण्यासाठी.’

साहेबांनी बोलावलं. अर्ज वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला. मी खिडकीकडं बघत उभा.

“सर्जेराव, या खुर्चीवर बसल्यापासून माझ्याकडं नुसती लग्नं, मयती आणि पाठदुख्या येतायत. खरं कारण लिहिलेला हा पहिला अर्ज.” त्यांनी सही केली. “ओव्हरहॉलिंग मी बघतो. माशाचा फोटो पाठवा.”

केबिनबाहेर डिपार्टमेंट जमलेलं. रफिकनं विचारलं, “चावले का?” मी सही झालेला अर्ज दाखवला. त्या माणसाबद्दल इतकी वर्षं आम्ही काय काय बोललो, ते आठवून मला जरा वाईटच वाटलं.

* * *

निघायच्या आधी गावाकडं थोरल्या भावाला फोन केला. दादा अजून मेंढरं राखतो. त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि हेही सांगितलं की त्या नदीवर मादी लागली तर सोडून द्यावी लागते, तसा नियमच आहे.

“आरं, इमानानं तिथवर जायचं, मासा धरायचा आन सोडायचा?”

“व्हय दादा.”

“जिवं मारायचं नाय?”

“नाय. हळूच पाण्यात धरायचा, त्याला दम घेऊ द्यायचा, मग सोडायचा.”

पलीकडं मेंढरांना हाळी दिल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, “मंग पोरगी चांगल्या मानसांत पडली म्हनायची.”

दोन दिवसांनी एसटीनं एक घोंगडी आली, व्याह्यांसाठी. रफिकच्या आईनं मंगलच्या हातात हिमरूची शाल ठेवली, म्हणाली, “समधी के घर खाली हाथ कैसे जाना?” जोशीबाईंनी लाडू दिले, मांजराचं सगळं विसरून. बॅग बंद होईना. मी आणि मंगल तिच्यावर बसलो होतो आणि मला भरून आलं. आपण आयुष्यभर मशीनं दुरुस्त केली, पण आपल्यासाठी एवढी माणसं कामाला लागतील असं कधी वाटलं नव्हतं. मंगलला तसं म्हटलं, तर म्हणाली, “आधी चेन ओढा.”

* * *

आता शेवटचा.

आर्ने विमानतळावर आले ते हात पुढं करून, आणि मंगलनं त्यांना नमस्कार केला तेव्हा तोच हात छातीवर घेऊन वाकले. घोंगडी त्याच दिवशी खांद्यावर घेतली ती खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर. त्यांनी मला त्यांच्या वडलांची रॉड दिली. पाहुण्याला घरातली चांगली वस्तू द्यायची रीत तिकडंही आहे. छातीपर्यंतची रबरी विजार घालून आम्ही दोघं पाण्यात, पल्लवी काठावर त्यांची घोंगडी सांभाळत दुभाषी म्हणून बसलेली.

पाणी बर्फाचं, रेटा असा की पाय रोवून उभं राहावं लागतं. मी जमेल तशी दोरी झुलवत होतो. आर्ने अधूनमधून माझ्याकडं बघायचे, काही बोलायचे नाहीत, परत आपल्या दोरीकडं वळायचे. मी मनात म्हणायचो, निभतंय. दोन दिवस गेले, तिसरा गेला. मासा नाही, पण आर्ने शीळ घालायचे. तेवढ्यावर मी खूश होतो.

शेवटच्या दिवशी दुपारी रफिकच्या जरीच्या किड्याला झटका बसला. पाण्यातून चांदीसारखं काहीतरी हातभर वर आलं आणि परत आपटलं. रीळ किंचाळायला लागली. मी मराठीत ओरडतोय, आर्ने नॉर्वेजियनमध्ये ओरडतायत, पल्लवी दोन्हीकडचं भाषांतर करता करता स्वतःच ओरडायला लागली. आर्ने जाळी घेऊन माझ्याकडं निघाले. पाच पावलांवर आले असतील, त्यांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला. टोपी वर राहिली आणि माणूस खाली गेला.

मी रॉड सोडली. दोन्ही हातांनी त्यांचे खांद्यावरचे पट्टे धरले आणि मेंढरू ओढ्यातून ओढतात तसं त्यांना ओढत काठावर आणलं. मागं वळून पाहिलं तोवर रॉड, रीळ, किडा, मासा, सगळं वळणापलीकडं गेलेलं.

आर्ने खोकत होते, पाणी टाकत होते. ते ठीक आहेत हे दिसल्यावर ध्यानात आलं, वाहून गेलं ते काय होतं. वडलांची रॉड. मी पल्लवीला म्हटलं, “त्यांची माफी माग. म्हणावं, भरून तर देता येणार नाही, पण माफी मागतो.”

तिनं सांगितलं. आर्ने घोंगडीत गुंडाळून बसले होते. आधी ते हसायला लागले, मग मला जवळ ओढून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पल्लवीकडं बघून बराच वेळ बोलले. ती डोळे पुसत होती.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, तुझ्या वडलांना मासे धरता येत नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि देवाची कृपा, की येत नाहीत. मासे धरणारा असता तर त्यानं रॉड सोडली नसती.”