अस्वलाच्या चेहऱ्याला चाळीस गुण

नोएडाच्या त्या थीम पार्कमध्ये 'भोलू अस्वल' नावाचं एक प्रकरण होतं, आणि गेली सहा वर्षं त्याच्या पोटात धम्मदीप मेश्राम राहत होता. राहतच होता म्हणायचं, कारण मे महिन्यात दिल्लीच्या उन्हात अकरा किलोचा केसाळ पोशाख चढवून नाचायचं, याला नोकरी म्हणायला जीभ वळत नाही. अस्वलाच्या जबड्यातल्या जाळीतून दिसेल तेवढंच जग. बोलायचं नाही आणि पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही, हे दोन नियम. बाकी सगळं खांद्यांनी करायचं. धम्मदीपने नुसता डावा खांदा पाडला, तरी रडणाऱ्या पोराला कळायचं की अस्वलाला वाईट वाटलंय, आणि ते गप्प व्हायचं.

यंदा पार्कने भोलूची एक जागा कायम करायचं ठरवलं. धम्मदीपला ती मनापासून हवी होती. वडील राजाराम ऑक्टोबरात निवृत्त होणार, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटणार, आणि नवा घरमालक पहिला प्रश्न विचारणार तो नोकरी पक्की आहे का हाच. आई शैला मात्र निर्धास्त होती. सहा वर्षं अस्वल झालेल्या माणसाला सोडून दुसऱ्या कोणाला कशाला घेतील, असं तिचं साधं म्हणणं.

पण निवड धीरज सरांच्या हातात होती. हे पुण्याहून आलेले, हुद्दा 'एक्स्पिरियन्स मॅनेजर', आणि अनुभव म्हणाल तर फक्त एसीचा. त्यांनी चाचणी ठेवली ती थंडगार हॉलमध्ये, अस्वलाचा पोशाख न घालता. का, तर चेहऱ्यावरचे हावभाव नीट दिसले पाहिजेत. शंभरातले चाळीस गुण चेहऱ्याला! ज्या कामात माणसाचा चेहरा कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तिथे चेहऱ्याला चाळीस गुण देणारं डोकं कुठल्या बाजारात मिळतं कोण जाणे.

धम्मदीप खांदे पाडत, मान डोलवत राहिला, पण चेहरा कोराच. सहा वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. सरांनी त्याला चेहऱ्याचे तीन गुण दिले आणि तुझ्यात ऊबच नाही यार, असंही वर ऐकवलं. जागा राघवला मिळाली. हा अभिनयाचा कोर्स केलेला, पांढऱ्याशुभ्र दातांचा. त्याला आतून धड दिसत नाही म्हणून त्याचा हात धरून फिरवायला नेमलं धम्मदीपला.

त्या रविवारी मुंबईचे मोठे साहेब येणार होते. बाराच्या खेळात सातव्या मिनिटाला राघव लटपटला. डोकं काढ, डोकं काढ, असं आतून रडकुंडीला येऊन म्हणू लागला. पोरांसमोर काढलं असतं तर त्याची नोकरी तिथेच संपली असती, आणि हा विचार धम्मदीपच्या मनात आला नाही असं कोणी समजू नये. चांगला आला. पण अस्वलाचं मुंडकं निघालेलं बघून पोरं भेदरली असती, आणि पोरांवर त्याचा राग नव्हता. त्याने राघवला ओढत कपडेघरात नेलं, नर्सच्या ताब्यात दिलं आणि स्वतः पोशाख चढवून उरलेला खेळ पुरा केला.

खेळ आटोपून तो मागच्या बोळात आला, तर धीरज सर साहेबांना घेऊन उभे. अस्वलाच्या पाठीवर थाप मारून ते सांगत होते की हाच राघव, आपण चेहरा पारखून निवडलेला. पोशाखातूनसुद्धा हसू कसं दिसतं बघा. साहेब मान डोलवत होते. एवढं बिनदिक्कत खोटं कौतुक, तेही ज्याला तीन गुण दिले त्याच्याच पाठीवर हात ठेवून!

धम्मदीपने डोकं काढलं. बोळात पाहुणे नव्हते, म्हणजे नियमही मोडला नाही. राघव नर्सकडे आडवा आहे आणि आत्ताचा खेळ मी केला, हे त्याने साहेबांना शांतपणे हिंदीत सांगितलं. साहेबांनी धीरजकडे पाहिलं, धीरजनी घड्याळाकडे. एकच्या खेळाला चारशे पोरं येऊन बसली होती.

"चल, चढव लवकर. नंतर बोलू," धीरज म्हणाले.

"कायम नोकरीचं पत्र आधी, सर," धम्मदीप म्हणाला. "अस्वल नंतर."

सहा वर्षं ज्याला मुहूर्त लागत नव्हता, ते पत्र अकरा मिनिटांत छापून आलं. नाव मात्र राघवचंच होतं. घाईत तेवढं बदलायचं राहिलं होतं. धम्मदीपने ते परत दिलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. बाहेर चारशे पोरं भोलूच्या नावाने ओरडत होती, आणि धीरज सर स्वतः प्रिंटरकडे पळत होते.