खदानीवरची हाळी

आगाऊ सूचना दिल्याशिवाय पाऊल न उचलणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा चुलत दीर निघाला. पावसाने त्यांच्याकडे चार दिवस शिकवणी लावली असती, तर आमच्या निम्म्या पेरण्या वाया गेल्या नसत्या. भाऊजी तरुणपणापासून मजूर सोसायटीच्या दगडखदानीत सुरुंग लावायला होते. वात पेटवण्याआधी लाल फडकं बांधलेली काठी उंच धरायची आणि हाळी द्यायची, "पळा होऽ, सुरुंग हाय!" खदान बंद पडली, हाळी मात्र चालूच राहिली. शिंक आली तरी हात वर करून ते आधी माणसं बाजूला करतात. कुकरची पहिली शिट्टी झाली की ताट घेऊन अंगणात. नांदूरघाटच्या एका लग्नात फटाक्यांची माळ दिसताच त्यांनी वाजंत्री, वरमाय आणि घोड्यासकट नवरदेव अशी सगळी वरात शेताच्या बांधापर्यंत मागे रेटली. मुहूर्त हुकला, आणि वर तेच सगळ्यांना विचारत फिरले, "कुनाला खडा तरी लागला का?"

सोसायटीने उकरलेल्या माळावर झाडं लावली आणि लागलीच दुष्काळ पडला. गावालाच टँकर, तिथे झाडांना कोण विचारतो! मी महिलांच्या दूध संस्थेची सचिव. वेळेचं काम वेळेला आणि वाया काही घालवायचं नाही, हा माझा खाक्या. कॅन धुतलेलं पाणी मी भाऊजींना देऊ लागले आणि ते कावडीने माळावर नेऊ लागले. "दुधाच्या पान्यावर वाढल्यात, वहिनी. लिंबोळ्या लई गोड येत्यात," असं ते शपथेवर सांगत. आम्ही कुणी चाखून पाहिल्या नाहीत.

मग वर्षं गेली आणि माळ झोपेतून उठावा तसा हळूहळू जागा झाला. बोरी-बाभळींनी दगडांचे ढीग झाकले, खड्ड्यात पाणी ठरू लागलं, मुरमाच्या उभ्या कड्यात वेड्या राघूंनी बिळं केली आणि एका उन्हाळ्यात ढिगाखाली कोल्हीण व्याली. दूध घालायला येणाऱ्या बाया माहेरवाशिणीची आणावी तशी तिची खबर आणायच्या. सगळ्या गावाने ती पाहिली. पाहिली नव्हती एकट्या भाऊजींनी. कारण रोज संध्याकाळी माळावर शिरण्याआधी ते काठी वर धरून हाळी द्यायचे, आणि आत पोचेपर्यंत माळ रिकामा. परत येऊन मला विचारायचे, "कशी दिसती वो ती? शेपटी लई झुबकेदार हाय म्हनत्यात."

"गप जावा की एकदा!" जाऊबाई करवादल्या. "पानी तुमी घातलं अन् कोल्हीण बघत्यात दुसरीच. कशाला वरडता वो?"

"सुरुंगाच्या टायमाला मानसं हाकलली, शेरडं हाकलली," भाऊजी म्हणाले. "या रानातल्या जिवांना कोन म्हनलं व्हतं, पळा म्हनून? आता तरी सांगून जातो."

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनीच काठी त्यांच्या हातात दिली. मला तर ती हाळी सोयीचीच होती. ती ऐकू आली की मी संध्याकाळचं दूध मोजायला घ्यायची.

एकदा भाऊजींचा गुडघा धरला, म्हणून पाण्याची बादली घेऊन मी सोबत गेले. ऊन उतरलं होतं. माळावर सोनेरी धूळ तरंगत होती आणि खड्ड्यातल्या पाण्यात आभाळ झोपलं होतं. भाऊजींनी हाळी दिली. तितर भुर्रकन उडाले. पाण्याच्या काठावर कोल्हीण आडवी पसरलेली, पिल्लं तिच्या अंगावर लोळत होती. तिने नुसता एक कान फिरवला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिल्लाची मान चाटू लागली. पिल्लांनी तर तेवढंही केलं नाही. ती त्या हाळीतच वाढली होती.

भाऊजींची काठी वरच राहिली. किती वेळ, ते माझ्यासारखीलाही सांगता येणार नाही. मग ते कुजबुजले, "वहिनी, पळंना झालीय की."

"मग आता?"

"आता आपुनच मागं सरायचं."

फडकं काठीला गुंडाळून, तिच्याकडे पाठ न करता, लंगडत लंगडत ते मागे आले.

आता झाडांना पाणी लागत नाही. भाऊजी माळाच्या कडेला लिंबाखाली बसून राहतात, हाळी देत नाहीत. कुकरची शिट्टी झाली की अंगणात मात्र अजून येतात. आणि मी संध्याकाळी कॅन मांडून सवयीने कान देऊन उभी राहते. माळावरून तितरांचा आवाज येतो, राघूंचा येतो, आणि दूध मोजायला रोज थोडा उशीर होतो.