पिवळा दिवा आणि मुकुंदरावांचे दोन शब्द

निरुपमाबाई दिघे साठीला टेकल्यावर गाडी चालवायला शिकल्या, आणि तेही हौस म्हणून नव्हे. त्यांचे यजमान मुकुंदराव यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळजवळ गेलं. त्यांना रिक्षात चढवायचं म्हणजे दोन माणसं हवीत. दारात त्यांची दोन हजार सहा सालची पांढरी गाडी उभी होती. तिचं दार ऐसपैस उघडायचं, सीट पार मागे सरकायची. तेव्हा बाईंनी कारेलीबागेतल्या ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. बाकीचे सगळे कॉलेजातले. शिकवणारा त्यांना "मासी, क्लच, क्लच!" म्हणून ओरडायचा आणि मग ओशाळून हात जोडायचा.

दोन हजार चौदाच्या सुरुवातीला त्या सराईत झाल्या होत्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केलेली. कुठलंही काम हळू पण नीट करायची सवय होती. दर सोमवारी आणि गुरुवारी त्या मुकुंदरावांना सयाजीगंजात वाचा-उपचाराला नेत. मुकुंदराव आयुष्यभर रिफायनरीत होते. बोलका माणूस, जेवतानासुद्धा प्लँटच्या गोष्टी सांगणारा. आता त्यांच्याकडे 'हो', 'नाही' आणि अधूनमधून हाती लागणारा एखादा शब्द, एवढंच उरलं होतं. लिहायलाही जमत नव्हतं. अक्षरंच सापडत नसत.

असंच एका गुरुवारी जाताना मुकुंदरावांनी डाव्या हाताने डॅशबोर्डवर टकटक केलं. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता.

गाडी तशी व्यवस्थित चालत होती. उपचार आटोपल्यावर बाईंनी ती जवळच्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली वायर जोडून कॉम्प्युटर पाहिला आणि मान हलवून गुजरातीत म्हणाला, "बेन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गयुं. बदलवुं ज पडशे."

गेलेला, बदलावाच लागणारा हा कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला डबा. इंजिनातून येणारे विषारी वायू त्यात जळून निरुपद्रवी होतात. नव्या डब्याची किंमत ऐकून बाईंनी गाडी तशीच घरी आणली. जुन्या गाडीवर एवढा खर्च कोण करणार? त्यांचा मुलगा उन्मेष बंगळूरला होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, काढून टाक ती गाडी. टॅक्सी लावून देतो मी. तुलाही किती दगदग होते."

दगदग होत होती, हे खरंच होतं. त्यांनी फोन ठेवला आणि मुकुंदरावांना सांगितलं, "विकू या म्हणतोय."

मुकुंदरावांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "नाही." मग पुष्कळ वेळ ओठ हलले आणि शब्द आले, "आधी. नंतर."

"काय आधी?"

"आधी," ते म्हणाले. हात डावीकडे गेला. "नंतर." हात उजवीकडे.

बाईंना वाटलं, आपल्याला कळलं. झटक्याच्या आधी आणि झटक्याच्या नंतर. गाडी त्यांच्या हातात होती तेव्हा आणि आता. बाईंचे डोळे भरून आले. "असं मनाला लावून घेऊ नका हो," त्या म्हणाल्या, "गाडीचं काय एवढं?"

मुकुंदराव चिडले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "आधी, नंतर", आणि बाई पुन्हा पाठीवरून हात फिरवायला गेल्या, तर त्यांनी तो झटकला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ते असे वागले. बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. खरं तर त्यांनाही राग आला होता. वर्षभर हा माणूस काय म्हणतोय ते ओळखण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि ओळखलं तरी हे असं.

बाहेर आल्या तर मुकुंदरावांनी डाव्या हातात पेन्सिल धरून वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी काढलं होतं. वाकडातिकडा चौकोन, दोन्ही बाजूंनी नळ्या, आणि प्रत्येक नळीवर एक उभी काडी, खाली गोळा.

"हे थर्मामीटर?" बाईंनी विचारलं.

"हो!"

"डब्याच्या आधी एक आणि नंतर एक?"

"हो. हो. हो." आणि मुकुंदराव हसू लागले. बाई खाली बसल्या आणि त्याही हसल्या, नंतर थोड्या रडल्याही. दोन दिवस त्या दुःखाचं सांत्वन करत होत्या, आणि नवरा गाडीबद्दल बोलत होता.

रिफायनरीतले मुकुंदरावांचे जुने सहकारी उदयसिंहराव रावपुऱ्यात राहत. बाईंनी फोन केला. आजारपणात ते एकदाच येऊन गेले होते. काय बोलावं ते त्यांना सुचलं नव्हतं. चित्राचं ऐकताच ते म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे त्याचं! डब्यात वायू जळले तर उष्णता निर्माण होणार, म्हणजे बाहेर पडणारी बाजू जास्त तापणार. दोन्ही सारख्याच असतील तर डबा मेला. आमच्या प्लँटमध्ये हा माणूस हेच सांगायचा, आधी ताप बघा, मग दोष द्या. माझ्याकडे दुरून ताप मोजायचं बंदुकीसारखं यंत्र आहे ने, घेऊन येतो."

रविवारी तिघं सुभानरावांच्या गॅरेजात गेली. रावपुऱ्याच्या एका गल्लीत ते सायलेन्सरची कामं करत. इंजिन चांगलं तापवलं, गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, आणि उदयसिंहरावांनी खाली उतरून यंत्र रोखलं. डब्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा स्पष्टच जास्त गरम होती.

"चांगला," खुर्चीवरून मुकुंदराव म्हणाले.

"डबा बरा दिसतो," सुभानराव म्हणाले, "पण या एका मापावर मी पैज नाही लावणार. आणि दिवा उगाच लागत नाही."

मुकुंदराव ओठ हलवत होते. उदयसिंहराव घाईने म्हणाले, "सेन्सर? वायर? पेट्रोल?" प्रत्येकाला 'नाही' येत गेलं. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"हवा," मुकुंदराव म्हणाले.

सुभानरावांच्या लगेच लक्षात आलं. डब्यामागे एक सेन्सर असतो. डबा काम करतो की नाही ते तोच इंजिनाला कळवतो. त्याच्या जवळचा जोड गळका असेल तर बाहेरची हवा आत शिरते, आणि सेन्सर चांगल्या डब्याची चुगली करतो. पण गळती शोधायला नळी थंड हवी. गाडी तिथेच ठेवली.

सकाळी बाई घरून भांडी घासायच्या साबणाचं पाणी बाटलीत घेऊन गेल्या. सुभानरावांनी इंजिन चालू करून धूर आत कोंडावा म्हणून नळीच्या तोंडाशी क्षणभर फडकं धरलं, आणि बाईंनी जोडांवर पाणी शिंपडलं. पहिल्या जोडावर काहीच झालं नाही. डबा आणि मागचा सेन्सर यांच्या मधल्या जोडावर मात्र बुडबुडे फुगले, फुटले, पुन्हा फुगले.

"मिळालं!" बाई खड्ड्यातून ओरडल्या. साडीला काजळी लागली होती.

जोडातलं पॅकिंग जळून गेलं होतं. ते बदललं, बोल्ट नवे घातले, कॉम्प्युटर लावून दिव्याची नोंद पुसून टाकली. तो पुन्हा लागला नाही. गाडी पुढे तीन वर्षं चालली. मग गिअरबॉक्स गेला, तेव्हा मात्र दोघांनी मिळून ती विकायचं ठरवलं.

मुकुंदरावांची वाचा फारशी परतली नाही. पण उदयसिंहराव रविवारी येऊ लागले, आणि प्लँटमधल्या जुन्या भानगडी काढून मुकुंदरावांना पेचात टाकू लागले. उत्तर यायला कधीकधी पाच मिनिटं लागत. उपचार करणाऱ्या बाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. निरुपमाबाई मान डोलवायच्या, आणि मायेने पुरं करायच्या.

आता त्या करत नाहीत. हातातलं निवडणं, टिपणं तसंच चालू ठेवतात आणि वाट बघतात. पाहुण्यांना ते अवघडल्यासारखं होतं. ते मदतीला धावतात. तेव्हा बाई म्हणतात, "थांबा जरा. ते सांगतायत."