एलिखियोची गुलाबी नखं

बाराओना या आमच्या बंदराच्या गावात एलिखियो रोसारियोला नावानं हाक मारली तर तो वळूनही बघत नाही. गावासाठी तो मुरो, म्हणजे भिंत. चौदा हिवाळे तो गावच्या बेसबॉल संघाचा कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, चेंडू टाकणाऱ्या पिचरला कुठला चेंडू हवा त्याच्या बोटांनी खुणा करायच्या आणि दगडासारखे येणारे चेंडू झेलायचे, हे त्याचं काम. गुडघे कुरकुरतात, उजव्या हाताची बोटं चार दिशांना तोंडं करून बसली आहेत. त्याचा मात्र त्याला अभिमानच फार.

तो सतरा वर्षांचा असताना खेळाडू निवडायला आलेल्या माणसानं बारा जणांना उन्हात उकिडवं बसवलं. अर्ध्या तासात अकरा जण कलंडले. एलिखियो आईबरोबर केळ्यांच्या ढिगापाशी बसून हिरवी-पिकली वेगळी करत वाढलेला. यात परीक्षा कसली, हेच त्याला कळेना. मग नऊ वर्षं अमेरिकेतल्या लहानसहान संघांतून तो बसनं हिंडला, बेचव पाव खाल्ला आणि एकदा, एकदाच, सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला. अकरा दिवस. एकाही सामन्यात त्याला उतरवलं नाही. "जगातल्या सगळ्यात महागड्या बाकावर बसून आलोय," असं तो सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसतो.

पण हिवाळा आला की गावच्या संघाकडून खेळायला तो घरी. घरी बायको नूरिस, तिचं ब्यूटी पार्लर आणि संघाचा पिचर कुको. एलिखियो कुकोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट असतं. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही.

चौदाव्या, शेवटच्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, एलिखियोनं दोन बोटं दाखवली. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा चेंडू. कुकोनं टाकला सरळ, जोरात. अंगठा टम्म सुजला. सामन्यानंतर कुको त्याला कोपऱ्यात घेऊन गेला.

"कोंपाद्रे, तुझी बोटं मला दिसत नाहीत."

"मग चष्मा घाल की, गाढवा!"

"एकोणचाळीस वय आणि वर चष्मा? संघाचा मालक त्याच दिवशी घरी पाठवेल मला. मला दुसरं काय येतं रे? कुणाला बोलू नकोस. आईची शपथ आहे तुला."

आईची शपथ म्हटल्यावर विषयच संपला. एलिखियो थेट नूरिसच्या पार्लरमध्ये गेला आणि तिच्यापुढे हात ठेवून म्हणाला, "लांबून दिसेल असा रंग लाव." नाताळाच्या तयारीत बायकांनी लाल रंग संपवला होता. उरला होता एकच, कोणीही न घेतलेला, डोळ्यांत खुपणारा गुलाबी.

"हा?" नूरिस म्हणाली.

"लाव."

"मग मला नंतर दोष द्यायचा नाही हं."

आणि खरंच, त्या दिवसापासून कुकोची एक चूक झाली नाही. एक दाखवलं की सरळ, दोन दाखवली की वळणारा. एलिखियो खूश. गाव मात्र त्याच्यावर तुटून पडलं. डोमिनो खेळणारे म्हातारे ओरडायचे, "मुरो, लग्न कधी आहे?" दुकानदार विचारायचा, "बीअर देऊ, की आधी पंखा देऊ, नखं वाळवायला?" परक्या गावातले प्रेक्षक तर त्याला 'राणीसाहेब' म्हणून मुके फेकायचे. एलिखियो वाकून मुजरा करायचा, घरी येऊन मुकाट्यानं पुन्हा हात पुढे करायचा. कारण मात्र नूरिसलाही सांगितलं नाही.

जानेवारीत अंतिम सामना राजधानीच्या संघाशी, दुपारचा. शेवटचा डाव, आमची एका धावेची आघाडी, राजधानीचे दोन बाद; तिसरा गेला की सामना आमचा. कुको दमलेला. त्यांचा एक धावपटू दुसऱ्या बेसवर उभा, म्हणजे बरोबर एलिखियोच्या समोर. लांब हातांच्या फलंदाजानं कुकोचे दोन चांगले चेंडू असे हाणले की काळजाचा ठोका चुकावा. नशिबानं दोन्ही रेषेबाहेर गेले; आता आणखी एक हुकला की तो बाद. एलिखियोनं मान वर केली. दुसऱ्या बेसवरचा धावपटू फलंदाजाला आधीच खूण करत होता: वळत्या चेंडूला शिरस्त्राणाला हात, सरळला कमरेला. गुलाबी नखं त्यालाही दिसत होती!

एलिखियो उठायला गेला आणि थांबला. कुकोकडे जाऊन बोलायच्या साऱ्या संधी संपल्या होत्या. आता गेला तर नियमानं कुकोलाच बाहेर जावं लागलं असतं. आणि हरलो तर मालक म्हाताऱ्या पिचरला ठेवतोय कशाला?

त्यानं दोन बोटं दाखवली. चांगली ऐसपैस, कुणालाही दिसतील अशी. धावपटूचा हात शिरस्त्राणाला गेला. आणि एलिखियो स्वतः मात्र सरळ, जोरदार चेंडूसाठी ग्लोव्ह लावून बसला. कोंपाद्रे, आज नखांचं ऐकू नकोस, तो मनात म्हणाला. कुकोनं खूण पाळली असती तर चेंडू जमिनीवर आपटून पार मागच्या कुंपणापर्यंत गेला असता आणि बरोबरीची धाव झाली असती.

चेंडू आला. सरळ. फलंदाज वळण्याची वाट बघत राहिला, बॅट उशिरा फिरली, आणि ग्लोव्हमध्ये असा आवाज झाला की तो पार बंदरापर्यंत ऐकू गेला असेल.

मग काय विचारता! लोक कुंपण ओलांडून आत घुसले, तांबोरा ढोल वाजू लागला, कुणीतरी एलिखियोच्या डोक्यावर अख्खी बीअर ओतली. तो कुकोच्या गळ्यात पडला.

"दोन दाखवली होती मी! तरी सरळ टाकलास! तुला कसं कळलं रे?"

"दोन होती?" कुको म्हणाला. "मला वाटलं तू सरळच मागणार."

"वाटलं म्हणजे? नखं दिसली नाहीत?"

कुको जमिनीकडे बघत म्हणाला, "कोंपाद्रे, मला तुझं एकही नख कधीच दिसलं नाही."

"आणि एवढे दिवस?"

"चौदा वर्षं तू काय मागतोस ते बघतोय. अंगठ्याच्या वेळी लक्ष नव्हतं, म्हणून चुकलो. त्यानंतर नीट विचार करून टाकतो."

"मग सांगायचंस ना, मेल्या! गावभर राणीसाहेब झालो मी!"

"तू माझ्यासाठी नखं रंगवून फिरतोयस. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

एलिखियोला कळेना, याला थोबाडीत द्यावी की काय करावं. शेवटी तो मैदानात बसून रडला आणि हसला, दोन्ही एकदम.

विजयाच्या भरात कुकोनं मालकाला सगळं सांगून टाकलं. मालक हसून म्हणाला, "चष्मा घे आणि पुढच्या वर्षी ये." महिन्याभरानं जाड काचांचा चष्मा लावून कुको पार्लरच्या दारात उभा राहिला. आत एलिखियो नूरिससमोर हात पसरून बसला होता. आता त्याला सवयच लागली होती.

कुकोनं नखांकडे बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हा रंग?" तो दाराला धरून खाली बसला. हसताना त्याला श्वास घेता येईना. "कोंपाद्रे, हा रंग लावून फिरत होतास तू? माझ्यासाठी?"