बेंबीतला हिंग

चाकणच्या कंपनीत आम्ही क्वालिटीवाले. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवतो. माझ्या बेंबीतून पू यायला लागला, तेव्हा हीच मंडळी कँटीनमध्ये वैद्य झाली. "बेंबी सरकलीय राव, हिंग भर!" "वरून एरंडेल सोड!" मी शहाणा, दोन्ही केलं. वास आणखी वाढला. शेवटी पिंपरीतल्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने काळा चिकट गोळा उपसला, मलम दिलं आणि म्हणाल्या, "रोज साबणाने धुवा, कोरडी ठेवा."

कँटीनमध्ये हे सांगितल्यावर सगळे हिरमुसले. "साबण? डॉक्टर बदल, भावा!"

संध्याकाळी त्यातल्याच एकाने मला बाजूला घेतलं. "त्या बाई बसतात कुठे?"

त्याच्या शर्टाला हिंगाचा वास येत होता.