न फुगणारी भाकरी

माझ्या हातची भाकरी फुगली नाही, असं आजवर एकदाच झालं आणि त्या दिवशी लाकडं ओली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बरीच शोभा होते.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधे. मुलगा नॉर्वेत नोकरीला आहे आणि सूनही तिथलीच. गेल्या थंडीत दोघं तीन आठवड्यांसाठी आली तेव्हा सुनेला सहावा महिना होता. तिची आई लग्नाच्या आदल्या वर्षीच वारली, त्यामुळे मला विहीण अशी मिळालीच नाही, भांडायलासुद्धा नाही. जायच्या आधीच्या रविवारी ओटीभरण करायचं ठरलं.

आमच्याकडे गरोदर बाईचे डोहाळे पुरवतात. ते काम माहेरचं. नाही पुरवले तर पोराची लाळ गळते. शास्त्रात काय लिहिलंय मला माहीत नाही, पण माझ्याकडे पुरावा आहे. या मुलाच्या वेळी मला भाजलेल्या सुक्या बोंबलांचे डोहाळे लागले आणि नेमका श्रावण होता. सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर कळ काढ." श्रावण संपला तोवर डोहाळेही संपले. पोरगा तीन वर्षांचा होईपर्यंत गळ्यात लाळेरं बांधून फिरला. आता तो इंजिनिअर आहे, लाळ गळत नाही, पण तीन वर्षं ती मी पुसली आहे. सासूबाईंवर माझा राग नाही. पण तेव्हा माझी आई असती तर तिने श्रावण बघितला नसता, असं मला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटतं.

म्हणून मी सुनेला विचारलं, काय खावंसं वाटतं? मुलाने तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिला मराठी शब्द दोनच यायचे, "छान" आणि "पुरे". ती म्हणाली, "छान." चार दिवस तेच. ताटात अर्धं जेवण उरायचं आणि सगळं छान असायचं.

पाचव्या दिवशी तिने मला फोनवर एक फोटो दाखवला. पातळ, पांढरी, वर तपकिरी डाग असलेली पोळी.

"बटाट्याची पोळी आहे," मुलगा म्हणाला. "तिची आई करायची. लोणी आणि साखर लावून गुंडाळून खातात."

"एवढंच ना?" मी म्हटलं. हे 'एवढंच' मला आठ दिवस पुरलं.

मुलाने फोनवर व्हिडिओ लावून दिला. शेजारच्या घरातून धाकटी जाऊ मदतीला आली, म्हणजे बघायला आली. व्हिडिओतल्या बाईने उकडलेले बटाटे कुस्करले, लोणी घातलं आणि वर पांढरं पीठ टाकलं. पांढरं पीठ म्हणजे तांदळाचं, आमच्याकडे त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मी घरच्या तांदळाचं पीठ घेतलं, उकडीसारखं गरम गरम मळलं, हाताला पाणी लावून थापलं आणि चुलीवरच्या तव्यात टाकलं. व्हिडिओतली बाई लाटत होती. मला वाटलं, तिला थापता येत नसेल.

भाकरी टम्म फुगली.

"फुगली गो फुगली!" जाऊ ओरडली. "बटाट्याची हाय तरी फुगली!"

सुनेने टाळ्या वाजवल्या, पाव भाकरी खाल्ली आणि "छान" म्हणाली. संध्याकाळी मुलगा मागच्या दारी आला आणि हळूच म्हणाला, "आई, ती फुगत नसते."

"फुगत नाय म्हणजे?"

"फुगली तर बिघडली असं समजतात."

मी पायरीवर बसले. पस्तीस वर्षं मी भाकरी फुगवते आहे. माझी पहिली भाकरी फुगली तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवली होती. आता म्हातारपणी न फुगवायला शिकायचं होतं.

मुलाने मुरबाडच्या बाजारातून मैदा आणला. सवयीने तोही मी गरमच मळला. पीठ पोळपाटाला चिकटलं, लाटण्याला चिकटलं, माझ्या बांगड्यांना चिकटलं. जाऊ म्हणाली, "बाय, याच्यानं निवडणुकीचे पोस्टर लावता येतील गो." मी म्हटलं पोळपाटच वाकडा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे ती तोंडाने बोलली नाही, फक्त अंगणाकडे बघत राहिली.

मग सुनेनेच हातवारे करून सांगितलं की बटाटा रात्रभर गार करायचा. लाटताना मधे मधे गाठी येऊन पोळी फाटायची. त्याला मी उपाय काढला. दिवाळीचा सोऱ्या खाली काढला, बारीक शेवेची चकती लावली आणि बटाटे त्यातून पाडले. बटाट्याची शेव बघून सून हसली. ती आल्यापासून पहिल्यांदाच मोकळं हसली, त्यामुळे मला हुरूप आला.

पोळी इतकी पातळ की उचलताना तुटायची. व्हिडिओत ती उचलायला लांब पट्टी होती. आमचे हे भातसानगरच्या धरणावरून निवृत्त झाल्यापासून कामाच्या शोधातच होते. त्यांनी बांबू चिरला, तासला, काचेने घासला. पट्टी एवढी लांब झाली की तव्याशी मी आणि दुसऱ्या टोकाला अंगणात कोंबडी. मग अर्धी कापली.

शनिवारी सकाळी बारा पोळ्या झाल्या. पातळ, मऊ, डागाळलेल्या. कुठे फुगा आलाच तर मी फडक्याने दाबून बसवला. हात कचरत होता, तरी दाबला.

सुनेने लोणी लावलं, साखर भुरभुरली, सुरळी केली आणि खाल्ली. हळूहळू. मी समोर उभी. मग ती तिच्या भाषेत बरंच काही बोलली.

"काय म्हणाली?"

"छान म्हणाली," मुलगा म्हणाला.

"एवढं लांब छान?"

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. "म्हणाली, फारच मऊ आहे, विकतच्यासारखी. तिच्या आईच्या पोळीत बटाट्याच्या गाठी असायच्या. आई कामावरून यायची, घाईत असायची, नीट कुस्करायची नाही."

मला राग आला, तो तासभर टिकला. आठ दिवस जिवाचं रान करून मी गाठी काढल्या होत्या आणि पोरीला त्या गाठीच हव्या होत्या. भांडी घासताना मला माझी आई आठवली. ती बोंबील भाजायला ठेवून दुसऱ्या कामाला लागायची, एक बाजू हमखास जळायची. मला डोहाळे लागले होते ते त्या जळक्या बाजूचे. सासूबाईंनी श्रावण मोडून बोंबील दिले असते तरी ते नीटच भाजले असते.

मी सोऱ्या धुऊन माळ्यावर ठेवला. संध्याकाळी बटाटे उकडले आणि मुठीने कुस्करले. घाई कसलीच नव्हती, तरी घाईघाईने कुस्करले.

रविवारी घर बायकांनी भरलं. जाऊ लाटायला बसली आणि लगेच म्हणाली, "बाय, गाठी ऱ्हायल्या गो. लोकं काय म्हनतील?"

"ऱ्हाऊ दे."

ओटी भरून झाली. हिरव्या साडीत सून पाटावर बसली होती. मी तिच्या हातात सुरळी दिली. दुसऱ्या घासाला तिच्या दाताखाली गाठ आली. ती चावायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. बायका घाबरल्या, कुणीतरी पाणी आणायला धावलं.

सुनेने पाणी घेतलं नाही. सुरळी संपवली, नाक पुसलं आणि रिकामं ताट माझ्यापुढे धरलं.

"अजून," ती म्हणाली.