मास्तरांचा शाळू

"आज गहू झाला काय रं, भावा?"

माझ्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर डबा टेकवायच्या आधी मास्तरांचा हा प्रश्न ठरलेला. मी चिडवायचो, "मास्तर, नुसत्या वासानं गहू कळतो व्हय तुमास्नी?" तर म्हणायचे, "मला न्हाय, माझ्या पोटाला कळतोय की!"

एस.टी.त कंडक्टर, गडहिंग्लजच्या गाडीवर, म्हणून मास्तर. त्यांना सिलिअ‍ॅक नावाचा आजार होता. गव्हाचा कणही पोटात गेला की आतडी बिघडायची. जुलाब, अशक्तपणा, ठिसूळ हाडं. औषध नाही. जन्मभर गहू बंद, बास. खोटं वाटेल तुम्हाला, पण कोल्हापुरात पावाशिवाय मिसळ खाणारा हा एकच माणूस मी पाहिला. लोक हसायचे. हे म्हणायचे, "हसा की. कट तेवढा जादा घाला."

दर तपासणीला डॉक्टरांना विचारायचे, "गोळी निघाली काय?" डॉक्टर सांगायचे, प्रयत्न चाललेत, अजून नाही. मग लोहाचं इंजेक्शन घेऊन माझ्याकडे यायचे. "निघंल बघ भावा. मरायच्या आधी एक पुरणपोळी खानार मी."

सोमवारी गिरणी बंद. त्या दिवशी मी दगड काढून स्वच्छ झाडायचो आणि मंगळवारी पहिलं दळण मास्तरांच्या शाळूचं, म्हणजे ज्वारीचं. पंधरा वर्षं हे असंच चाललं.

मग कोपऱ्यावर एक मेस निघाली. मेसवाल्याला मंगळवारी सकाळी सातलाच गव्हाचं पीठ हवं. मोठं गिऱ्हाईक, सोडवेना. एका मंगळवारी त्याचे गहू आधी दळले. मास्तर आले, विचारलं. मी म्हणालो, "छ्या! तुमचंच पयलं." वरवर झाडलं होतं की मी! चिमूटभर पिठानं काय होतंय, असं माझं गाढवाचं डोकं. एकदा खपलं, मग दर मंगळवारी तेच.

चार-पाच महिन्यांत मास्तर वाळून गेले. डॉक्टरांनी खोदून खोदून चौकशी केली, अगदी हिंगाच्या डबीपर्यंत, कारण हिंगातही गव्हाचं पीठ मिसळतात. मास्तरांनी सांगितलं, "दळनाचं बोलूच नका सायेब. गिरनीवाला माझा भाऊच हाय." मग डॉक्टर म्हणाले, नुसत्या पथ्यानं तुमचं भागत नाही, आता जोराच्या, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करू.

मास्तर पेढे घेऊन आले. "भावा, गोळी आली!"

मी पेढा घेतला, खाल्ला आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

गोळ्यांनी त्यांचं तोंड सुजलं, साखर वाढली, झोप गेली. एके दिवशी डब्याचं झाकण काढताना त्यांचे हात लटलट कापत होते. ते बघवेना. सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. दोन कानफटात दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या. न दळलेला शाळू तसाच उचलला. "डॉक्टरास्नी सांगाय पायजे," एवढंच बोलले. पायरी उतरताना मागं न बघता म्हणाले, "बरं, येतो पावणं."

पावणं! वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

गोळ्या हळूहळू बंद झाल्या. मास्तर आता लेकीकडे शिरोळला असतात, दळण घरच्या घरी होतं, अंगानं सुधारलेत. हे त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. तेही मी विचारलं म्हणून.